बिनदाराची खोली

निवडणूक आयोगाच्या मुख्य आयुक्तांच्या खोलीला दार नव्हतं. चौकट होती, चौकटीत बिजागऱ्यांच्या खाचा होत्या, उंबरठासुद्धा होता. दार तेवढं नव्हतं. नवीन माणूस आला की टकटक करायला हात उचलायचा आणि तो हात हवेतच राहायचा. मग तो उगाच केसांवरून फिरवून खाली घ्यायचा. बाहेर स्टुलावर बसणारा शिपाई ही गंमत रोज बघायचा आणि रोज हसायचा. या शिपायाला सगळे रेडिओ म्हणत, कारण आत जे काही बोललं जाई ते त्याला ऐकू येई आणि जेवणाच्या सुट्टीत तो ते सगळ्यांना ऐकवी. त्यात चोरी काही नव्हती. त्या खोलीची रीतच तशी होती.

रीत पाडली पहिल्या आयुक्तांनी. ते एक तिरसट म्हातारे न्यायाधीश होते. खुर्चीवर बसून आठवडा झाला नाही तोच एक मंत्री भेटायला आले, आत येताना त्यांनी हसतहसत दार लोटलं आणि म्हणाले, "जरा खासगीत बोलायचं होतं." म्हाताऱ्याने सगळं ऐकून घेतलं, चहा पाजला, आणि मंत्र्यांची गाडी फाटकातून बाहेर पडायच्या आत सुताराला बोलावणं पाठवलं. दार उतरवलं गेलं. या खोलीत खासगी असं काही नसतं, एवढंच ते म्हणाले. दार जाड, चांगल्या लाकडाचं होतं, फेकून द्यायला कुणाचा जीव होईना, तेव्हा त्यालाच चार पाय लावून टेबल केलं. तेव्हापासून आयोगाच्या बैठका त्या दाराभोवती होत आल्या. कुलपाचं भोक तसंच राहिलं होतं. त्यात पेन्सिली घुसायच्या, आणि बोलताना अडखळलेला माणूस नकळत त्यात बोट घालून बसायचा.

सध्याच्या मुख्य आयुक्त या एक बाई होत्या. ऑफिसात त्या मॅडम, घरी ताई. आपण ताईच म्हणू, कारण ही गोष्ट त्यांच्या धाकट्या भावाचीही आहे. ताईंचा सगळा जन्म सरकारी हिशेब तपासण्यात गेला होता आणि तिथे त्यांनी लहानमोठ्या सगळ्यांना सारख्याच थंडपणे कात्रीत धरलं होतं. आवाज चढवणं त्यांना माहीत नव्हतं. त्यांना नेमणाऱ्या समितीत सरकारचीच माणसं जास्त होती, त्यामुळे नेमणूक झाल्या दिवशी वर्तमानपत्रांनी त्यांना "सरकारची बाई" करून टाकलं. ताईंचे यजमान म्हणजे विज्ञानाचे निवृत्त मास्तर. ते पेपर वाचून म्हणाले, "अगं, पस्तीस वर्षं तू माझी बाई आहेस असा माझा समज होता." ताई हसल्या, पण तो शब्द त्यांना कुसळासारखा टोचत राहिला.

आता आयोग स्वतंत्र म्हणजे किती स्वतंत्र, ते बघा. इमारत सरकारची, खुर्च्या सरकारच्या, वीज सरकारची. निवडणुकीला लागणारी माणसं तेवढ्यापुरती सरकारकडून उसनी आणायची आणि मतमोजणी संपली की साभार परत करायची. मुतारीचा नळ गळायला लागला तरी अर्ज सरकारच्या बांधकाम खात्याकडेच. नळ वर्षभर गळत होता. पण या उन्हाळ्यात बांधकाम खात्याला अचानक आयोगाचा कळवळा आला आणि न मागता मॅडमच्या खोलीत एसी येऊन बसला.

एसी बसवणारा मिस्त्री चौकटीकडे बघून म्हणाला, "दार नाही तर गारवा थांबणार कसा? निम्मा जिल्हा गार करणार का?" दुसऱ्याच दिवशी काचेचं दार आलं. ताईंच्या मनात पाल चुकचुकली. पण खोली पश्चिमेला, दुपारी भट्टी पेटायची, शेजारी बसणाऱ्या टंकलेखक बाईंना दोनदा घेरी आलेली. शिवाय दार काचेचं होतं, आरपार सगळं दिसत होतं. "असू दे," ताई म्हणाल्या, "पण लावायचं नाही."

"दिसतंय मॅडम सगळं," रेडिओ कुरकुरला, "पण ऐकू काही यायचं नाही. माझा तर धंदाच बसला."

झाला एकदाचा दाराचा चंचुप्रवेश. मुसळप्रवेशाला फार वेळ लागला नाही. आधी फक्त दुपारी लावायचं ठरलं, मग ऊन असेपर्यंत, मग ते लावलेलंच राहू लागलं. वाईट असं काहीच घडलं नाही. गार वाटत होतं आणि टंकलेखक बाईंची घेरी थांबली होती.

अशा एका दुपारी ठोंब्या आला.

ठोंब्या म्हणजे ताईंचा भाऊ. आई लवकर गेली. त्याला भरवलं ताईने, न्हाऊमाखू घातलं ताईने, धपाटेही तिनेच घातले. तो उशिरा बोलायला लागला म्हणून घरात त्याचं नाव ठोंब्या पडलं. आज त्याच्या हाताखाली पन्नास इंजिनिअर होते आणि सगळे त्याला साहेब म्हणत, पण ताईला तो शब्द उच्चारताच येत नसे. नदीवरचा नवा मोठा पूल ठोंब्याच्या देखरेखीखाली बांधला जात होता. त्या पुलापायी त्याचे केस पांढरे झाले होते. ऐन धारेत एक खांब होता. तो उभा राहायला महामुश्किल गेलं, पण एकदा उभा राहिल्यावर कसल्याही पुराला हलला नाही. ठोंब्याने त्याचं नाव ताई ठेवलं होतं. कामगारसुद्धा "ताईपाशी सिमेंट टाका" असं म्हणायचे.

"काय उकडतंय बाहेर!" म्हणत तो आत आला आणि त्याने पाठीमागे दार लोटून दिलं. ताईंनी ते पाहिलं. पाहिलं आणि मनात म्हणाल्या, भाऊच तर आहे. माणूस भावाला काय उंबऱ्यात उभा करतो?

"ताई, पूल झाला."

"काय सांगतोस!"

"परवा शेवटचा थर पडला. काल मी या टोकापासून त्या टोकापर्यंत एकटाच चालत गेलो. तुला न्यायचंय एकदा."

ताईंना इतका आनंद झाला की उठून त्याच्या पाठीवर थाप मारावीशी वाटली. तेवढ्यात त्यांचं लक्ष त्याच्या हाताकडे गेलं. त्याचं बोट टेबलाच्या भोकात गेलेलं होतं.

"तुमच्या तारखा कधी जाहीर होणार गं?"

"होतील तेव्हा सगळ्या जगाला कळतील. तुलाही कळतील."

"तसं नव्हे. उद्घाटन महिनाअखेर धरलंय. त्याआधी तुम्ही निवडणूक जाहीर केलीत तर आचारसंहिता लागेल. मग मंत्र्यांना ना फीत कापता येईल ना भाषण करता येईल. सगळाच विचका."

"मंत्र्यांनी पाठवलं तुला?"

"पाठवलं असं नाही. म्हणाले, बहिणीकडे जाणं होतं का कधी? म्हटलं, होतं की. म्हणाले, मग नुसतं कानावर घाला, आग्रह अजिबात नाही." ठोंब्या घाईघाईने बोलत होता. "माणूस चांगला आहे गं. इतक्या वर्षांत पुलाच्या कामात एकदाही लुडबूड केली नाही त्याने. आणि... मुख्य अभियंत्याची जागा रिकामी होतेय. ते म्हणाले, उद्घाटन थाटात झालं की तुमचं नाव आपोआप पुढे येईल."

एवढं बोलताना त्याचे कान लाल झाले. लहानपणी खोडी केली की असेच व्हायचे.

"चहा घे," ताई म्हणाल्या. बाकी त्या काही बोलल्या नाहीत. तो चहा प्यायला, इकडचं तिकडचं बोलला आणि गेला. काचेपलीकडून रेडिओने त्याला सलाम केला. साहेब काय बोलले ते त्याला ऐकू आलं नव्हतं, म्हणून तो जरा रुसलेला होता.

खरी पंचाईत यापुढेच आहे. ठोंब्या यायच्या कितीतरी आधीपासून ताईंच्या मनात होतं की मतदान शाळांच्या परीक्षा संपल्यावरच घ्यायचं. मतदान होतं शाळांच्या खोल्यांत, मतदान घेतात शाळांचे मास्तर, आणि पोरांच्या ऐन परीक्षेत हा गोंधळ घालणं त्यांना पसंत नव्हतं. आयोगाचा प्रघात असा की तारखा मतदानाच्या महिनाभर आधी जाहीर करायच्या. म्हणजे मतदान परीक्षेनंतर घेतलं की पुलाचं उद्घाटन आपसूकच आचारसंहितेच्या आधी होऊन जाणार. मंत्र्यांना जे हवं होतं, नेमकं तेच ताई आपण होऊन करणार होत्या. कुणी एक शब्दही बोललं नसतं तरी केलं असतं.

संध्याकाळी मास्तर ओट्याशी भाजी निवडत उभे होते. ताईंनी त्यांना सगळं सांगितलं.

"तो यायच्या आधी तुझं काय ठरलं होतं?" मास्तरांनी विचारलं.

"परीक्षेनंतर."

"मग झालं तर. परीक्षेनंतर घे."

"अहो, पण तो विचार आता माझा राहिलाय का? काल माझा होता. आज तोच मंत्र्यांचा निरोप झालाय. उद्या मी परीक्षेनंतरची तारीख दिली तर ती कुणाची? माझं मलाच सांगता यायचं नाही."

"मग आधी घे."

"म्हणजे मी कुणाचं ऐकत नाही हे दाखवायला पोरांच्या परीक्षांचं वाटोळं करू? तेही त्यांच्याच तालावर नाचणं झालं. पावलं उलटी पडली, एवढंच."

मास्तरांनी एक किडकी शेंग बाजूला काढली. "आमच्या प्रयोगशाळेत नमुन्यात भेसळ झाली की पोरं ती लपवायची. मार्क जातील ना! मी म्हणायचो, भेसळ झाली ते आधी मोठ्याने सांगा. सांगितलं की पुढचं काहीतरी करता येतं. झाकून ठेवलं की सगळाच प्रयोग खोटा."

"मोठ्याने सांगितलं तर ठोंब्याचं काय होईल?"

मास्तरांनी निवडलेल्या शेंगा पुन्हा एकदा निवडल्या. "ते विज्ञानात येत नाही," शेवटी ते म्हणाले.

त्यानंतरचे दिवस ताईंनी कसेबसे काढले. खोलीत गार वाटायचं आणि त्यांच्या अंगावर काटा यायचा. दार कुणी लावलं, हा प्रश्न नव्हताच. लावलेलं दिसत असताना आपण गप्प बसलो, हे त्यांना खात होतं. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधल्या, आणि स्वतःची डोळ्यांसमोर घडत होती तेव्हा चहा मागवला! तारखांवर बोलायला सगळ्या पक्षांच्या प्रतिनिधींची बैठक बोलावली होती. तिच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी ठोंब्याला फोन करायला घेतला. नंबर लावला, आणि पलीकडे वाजायच्या आत बंद केला. का बंद केला, हे त्यांनी तेव्हा स्वतःलाही विचारलं नाही.

बैठकीच्या दिवशी सकाळी त्या आल्या आणि रेडिओला म्हणाल्या, "पाना आणा, हे दार उतरवा."

रेडिओचा चेहरा असा फुलला की त्यालाच बढती मिळाली असं वाटावं. काचेचं दार निघालं आणि भिंतीला टेकून उभं राहिलं. एसी बिचारा घरघरत निम्मा जिल्हा गार करायला लागला.

दुपारी खोली भरली. टेबलाभोवती पक्षांची माणसं, भिंतीला टेकून पत्रकार, आणि चौकटीत कॅमेरेवाले. ताईंच्या एका हाताला दुसरे आयुक्त, सगळे त्यांना जज्जसाहेब म्हणत. दुसऱ्या हाताला तिसरे, ते प्राध्यापक. प्राध्यापक हे पंतप्रधानांच्या मर्जीतले, हे शेंबडं पोरही सांगत असे. ते बैठकीत "मॅडम म्हणतील तसं" याच्यापुढे फारसे कधी गेलेले नव्हते.

ताई नेहमीच्याच आवाजात बोलल्या.

"तारखांवर बोलायच्या आधी मला एक गोष्ट सांगायची आहे. माझा भाऊ नव्या पुलाचा इंजिनिअर आहे. तो मला इथे, याच खोलीत भेटायला आला होता. तेव्हा इथे दार होतं आणि ते बंद होतं. बंद झालेलं मी पाहिलं आणि उघडायला सांगितलं नाही. पुलाचं उद्घाटन होईपर्यंत निवडणूक जाहीर करू नये, असं त्याने माझ्या कानावर घातलं. ते कानावर घालायला बांधकाम मंत्र्यांनी सुचवलं होतं. उद्घाटन नीट झालं तर त्याचं नाव मुख्य अभियंत्याच्या जागेसाठी पुढे येईल, असंही त्याला सांगण्यात आलं होतं. मी त्याला काही उत्तर दिलं नाही. चहा दिला."

मग एकदम गलका झाला. सरकारी पक्षाचे प्रतिनिधी एक लोणी लावल्यासारखं बोलणारे गृहस्थ होते. ते म्हणाले, बहीण-भावाच्या घरगुती गप्पांना इतकं महत्त्व कशाला? विरोधी पक्षाच्या वकीलबाई टेबलावर हात आपटून म्हणाल्या, "मॅडम, मग या निर्णयात तुम्ही बसूच कशा शकता?"

"बरोबर आहे तुमचं," ताई म्हणाल्या. "मी बसणार नाही. म्हणजे बसेन इथेच, पण मत देणार नाही. माझे हे दोन सहकारी ठरवतील. आत्ता, तुमच्यासमोर."

वकीलबाईंनी मागितलं ते इतक्या चटकन मिळालं की पुन्हा आपटायला उचललेला त्यांचा हात हवेतच राहिला. प्राध्यापकांनी मात्र दचकून ताईंकडे पाहिलं. त्यांना कुणी काही कल्पना दिली नव्हती. ताईंनी एकदा त्यांच्याकडे आणि एकदा जज्जसाहेबांकडे पाहिलं. आता सगळं या दोघांच्या हातात. दोघांचं जमलं नाही, किंवा प्राध्यापकांनी मालकांकडे बघून मान हलवली, तर आपण भावाचा बळी दिला तो फुकट गेला.

जज्जसाहेब खाकरले. "मतदान परीक्षेच्या आधी की नंतर?"

"नंतर," प्राध्यापक म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले. "माझी नात या वर्षी परीक्षेला बसतेय. हे पण आधीच सांगून टाकतो. आज सगळेच सांगतायत."

हशा पिकला. जज्जसाहेबही हसले. "माझंही मत नंतरचंच. मग जाहीर कधी करायचं? प्रघात महिनाभर आधीचा आहे."

हसू विरलं. प्रघात पाळला की उद्घाटन होणार, मोडला की नाही. इथे बसलेल्या प्रत्येकाला ते कळत होतं. प्राध्यापकांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. समोर लोणीवाले गृहस्थ त्यांच्याकडे बघून अगदी ओळखीचं, मायेचं हसले. पण ते हसू प्राध्यापकांना दिसलं तसं बाकीच्यांनाही दिसलं, कॅमेऱ्याला दिसलं, चौकटीबाहेर टाचा उंचावून उभ्या असलेल्या रेडिओलाही दिसलं. आणि सगळ्यांना दिसलं, हे प्राध्यापकांना दिसलं. ताईंचं बोट टेबलाच्या भोकात कधी गेलं ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

"प्रघात आहे," प्राध्यापक हळूच म्हणाले, "नियम नाही. तारीख आत्ता ठरलीच आहे. सगळ्यांसमोर ठरली. मग ती आता लपवायची कुणापासून? आजच जाहीर करा."

जज्जसाहेबांनी मान डोलावली आणि त्या क्षणापासून आचारसंहिता लागली. लोणीवाले गृहस्थ पाणी प्यायले. प्राध्यापक काही रातोरात शूर झाले नव्हते. त्या काचेआड दोघांतच विचारलं असतं तर ते काय म्हणाले असते, कोण जाणे. पण चारचौघांत माणूस जरा बरा वागतो. पहिल्या म्हाताऱ्याला एवढंच कळलेलं होतं, आणि एवढ्यासाठीच त्याने दार उतरवलं होतं. आयुक्त कणखर असतीलच असं नाही, हे त्याने गृहीत धरलं होतं, आणि मला त्याचं हेच फार आवडतं.

पुढचं थोडक्यात सांगतो. पूल ठरल्या दिवशी उघडला. फीत नाही, भाषण नाही, हार नाही. एका कारकुनाने अडथळा बाजूला सरकवला आणि पहिली दुधाची गाडी पलीकडे गेली. अडथळा सरकवायला ठोंब्या तिथे नव्हता. आठवडाभर आधीच त्याची बदली भांडार विभागात झाली होती. तिथे गंजलेल्या सळया आणि फाटक्या ताडपत्र्या मोजायच्या असतात. मुख्य अभियंत्याची जागा दुसऱ्याला मिळाली. मंत्र्यांनी वर्तमानपत्रांना सांगितलं की असं काही त्यांनी कधी सुचवलंच नव्हतं, आणि संबंधित अधिकाऱ्याने आगाऊपणा केला असावा. निवडणूक झाली. कुणाचं सरकार आलं, त्याच्याशी या गोष्टीला देणंघेणं नाही. काचेचं दार परत न्यायला बांधकाम खात्याचं कुणी आलं नाही. मग रेडिओने दोन माणसं धरून ती काच बैठकीच्या टेबलावर आडवी टाकून घेतली. आता आयोग दोन दारांवर बसतो, असं तो येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो.

ठोंब्याने ताईला एकदाही फोन केला नाही. तिने केले ते त्याने उचलले नाहीत. मास्तरांनी एकदा मध्ये पडून पाहिलं. त्यांना तो इतक्या अदबीने बोलला की मास्तरांनीच घाबरून विषय बदलला. ताई ऑफिसात शांत असायच्या, घरी शांत असायच्या, आणि जेवताना घास हातात धरून बसून राहायच्या.

निकालाला बरेच दिवस झाल्यावर एका सुट्टीच्या सकाळी घंटी वाजली. मास्तरांनी दार उघडलं. ठोंब्या होता. तो वाळला होता. तो आत आला, आणि मास्तर दार लावायला गेले तसा त्यांचा हात धरून म्हणाला, "असू दे भाऊजी, उघडंच ठेवा. ताईंना तशी सवय आहे. शेजाऱ्यांनाही ऐकू दे. उद्या सगळ्यांना सांगायचंच आहे, तेवढीच त्यांची मेहनत वाचेल."

त्याने 'ताईला' म्हटलं नाही, 'ताईंना' म्हटलं. समोरच्या घरची बाई जिना उतरता उतरता थबकली. मास्तरांनी भाजीची पिशवी उचलली आणि "येतो जरा," म्हणून ते सटकले. शहाणा माणूस!

ताई खुर्चीतून उठल्या. चार पावलं चालून गेल्या, दार लावलं, वर कडीही घातली. मग त्याच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"चुकले मी, ठोंब्या."

तो हसला, पण ते हसू बघवत नव्हतं. "हे तिकडे म्हणशील? त्या टेबलापाशी, कॅमेऱ्यासमोर?"

"नाही. तिकडे मी चुकले नाही. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा सांगेन. तुझं नाव घेऊन सांगेन."

"मग कुठे चुकलीस?"

"आदल्या दिवशी तुला सांगायला हवं होतं. तू ते टीव्हीवर ऐकलंस."

"ऑफिसात," तो म्हणाला. "माझी सगळी माणसं उभी होती गं भोवती. कुणीतरी आवाज मोठा केला. मला वाटलं, ताई बोलतेय, पुलाबद्दल काहीतरी चांगलं बोलेल. मी सगळ्यांना म्हटलं, ऐका, ऐका."

ताईंनी डोळे मिटले. हे त्यांना माहीत नव्हतं.

"फोन हातात घेतला होता मी," त्या म्हणाल्या. "नंबर लावला आणि ठेवला. म्हटलं, हा रडेल. तू रडला असतास तर मी बोलले नसते रे. गप्प बसले असते आणि जन्मभर गप्प राहिले असते. माझा माझ्यावर तेवढा भरवसा नव्हता. म्हणून तुला तसाच उभा केला सगळ्यांसमोर. ते चुकलं. ते बहिणीने करायचं नसतं."

ठोंब्या खाली बसला. पन्नाशीचा माणूस, पण गुडघ्यांत डोकं घालून लहानपणी रडायचा तसाच रडला. ताई त्याच्याजवळ जमिनीवर बसल्या. गुडघे करकरले, तरी बसल्या. त्याच्या पांढऱ्या केसांतून त्यांनी हात फिरवला आणि मग त्यांनाही रडू आवरलं नाही.

"पुलावरून गेलीस का?" बऱ्याच वेळाने त्याने विचारलं.

"नाही. तू नेणार होतास ना?"

"मीही नाही गेलो. उघडल्यापासून एकदाही नाही." त्याने नाक पुसलं. "जाऊ संध्याकाळी. तो खांब दाखवतो तुला. मेला तसूभर हललेला नाही अजून."

बाहेर मास्तरांनी घंटी वाजवली. भाजी घेऊन ते आले होते, किंवा पायऱ्यांवरच बसून होते. ताई उठायला लागल्या, तसा ठोंब्याने त्यांचा पदर धरला.

"थांब गं जरा," तो म्हणाला. "भाऊजी उभे राहतील. थोडा वेळ असू दे लावलेलं."